भावजयीचा बारीकपणा

शाळेचा जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तेव्हा मी लाज सोडली. गोळ्या झाल्या, काढे झाले, पहाटेचं फिरणं झालं, पण वजन काही हलेना. शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी नवाच प्रयोग सांगितला. धडधाकट, सडपातळ माणसाच्या आतड्यातले जंतू जाड माणसाच्या आतड्यात सोडायचे. आणि ते मिळतात कुठून, तर त्या माणसाच्या शौचातून! तपासून, गाळून, नळीनं पोटात. "गुण येईलच असं नाही," असंही ते म्हणाले, पण तेवढं मी कानाआड केलं. घरातलं माणूस चालेल का, एवढंच विचारलं. तपासणीत बसलं तर चालेल, म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस आलं, हसनाबादला राहणारी माझ्या धाकट्या भावाची बायको. दोन बाळंतपणं झाली तरी काडी. 'तिची अंगकाठीच तशी, कितीबी खाऊ द्या, अंगी लागत न्हाई,' असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि मनातून जळायचे.

भाऊबीजेला माहेरी गेल्ते, तेव्हा जेवता जेवता विषय काढला. मेला शब्दच फुटेना तोंडातून. पोरांना पचनसंस्था शिकवणारी बाई मी, आणि भावजयीकडं मागत काय होते! ऐकून तिनं पदर तोंडाला लावला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"अवं ताई, एवढंच व्हय? न्या की. मला त्याचा काय खर्चा हाय?"

म्हणाली आणि माझ्या ताटात तिसरी पुरणपोळी टाकली, वर तुपाची धार. माहेरवाशिणीनं ताटातलं नको म्हणायचं नसतं. मी कधीच म्हटलं नाही.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. तिच्या रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी मान हलवली.

"ह्या चालणार नाहीत. अंगात रक्तच नाही. ह्या सडपातळ नाहीत बाई, उपाशी आहेत." मग तिला हळूच विचारलं, "जेवता काय दिवसभरात?"

"समद्यांचं झाल्यावर उरंल ते."

"आणि पोट भरतं तेवढ्यात?"

"भरतं की." माझ्याकडं बघून ती अगदी मायेनं हसली. "आता ताई आल्यावर थोडं कमी उरतं, पर चार दिवसांचंच असतंय ते."

टोमणा असता तर मी तिथंच उलटून बोलले असते, माझी जीभ काही थोडी नाही. पण तिच्या मनात तसलं काहीच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्या घरात जेवले, पण ही कधी जेवते, काय जेवते, हे एकदाही बघितलं नाही. वर तिचा बारीकपणाही मागायला गेले!

बाहेर पडल्यावर तिला हॉटेलात नेलं आणि एकच ताट मागवलं.

"आज तू आधी जेव. मी बसते."

लई नको नको म्हणाली. मग पदर सावरत, कुणी बघतंय का ते बघत, चोरी केल्यासारखी जेवायला लागली. निम्म्यावरच थांबली.

"बास ताई, न्हाई जात आता. वाया जाईल, तुमी घ्या." आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

सांगायची लाज वाटते, पण मला भूक लागली होती. मी ते खाल्लं.