रज्जाकभाईंचा कान

रज्जाकभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एका जीपखाली उताणा पडलो होतो. त्यांचा जावई सायकलवरून आला, गॅरेजच्या दारातच थांबला आणि म्हणाला, "शंकरमामा, आब्बा गेले." मी लगेच बाहेर आलो नाही. हातातला नट आधी घट्ट केला. अर्धवट काम टाकून उठायचं नाही, ही त्यांचीच शिस्त... त्याला आता काही आठवडे झाले. सकाळी गॅरेज उघडतो, संध्याकाळी बंद करतो, आणि मधल्या वेळात काय केलं ते धड आठवत नाही. अंगाला शीण असा नाही, पण बसलं की उठावंसं वाटत नाही.

पौडला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी भागीत हे गॅरेज काढलं, तेव्हा सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मुळशीकडे जाणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण रस्ता असा की त्यातली प्रत्येक गाडी कधी ना कधी आमच्या दारात यायचीच. पावसाळाभर चाकं चिखलपाण्यातून जायची, आतलं ग्रीस धुऊन निघायचं, बेरिंग झिजायचं आणि मग चाकातून घुं घुं असा आवाज सुरू व्हायचा. तो ऐकावा रज्जाकभाईंनीच. गाडी अजून वळणावर असायची आणि हे हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, "फुडचं उजवं बेरिंग गेलंय." बहुतेक वेळा तेच निघायचं, आणि मग दिवसभर त्यांच्या पुढ्यात उभं राहवायचं नाही. नम्रपणा त्यांच्या गावीही नव्हता. "शंकर, हात काय, सगळ्यांस्नी असत्यात. कान येकालाच दिलाय वरच्यानं," असं गिऱ्हाइकासमोर म्हणायचे. मी चिडायचो, पण मनातून मलाही ठाऊक होतं की लोक येतात ते त्या कानासाठीच. आमच्या दोन्ही घरच्या चुली त्याच्यावर पेटत होत्या.

धरणाकाठच्या गावांत बाळंतपणाला जाणारे एक डॉक्टर होते. त्यांची जुनी अँबॅसिडर एकदा अशीच घुं घुं करत आली. रज्जाकभाई नेहमीसारखे डॉक्टरांच्या शेजारी डाव्या सीटवर बसून चक्कर मारून आले. उतरताच म्हणाले, "उजवं." उजवं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, तर थोडा खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला. तेवढं पुरलं. त्यांनी सांगितल्यावर दुसरं चाक तपासायचं, अशी आमच्याकडे रीतच नव्हती. जुनं बेरिंग ठोकून काढलं, नवं तळहातावर ग्रीस घेऊन भरलं, बसवलं. दोन दिवसांनी डॉक्टर परत आले. आवाज होता तसाच.

या वेळी चक्कर मारायला मीही मागे बसलो. उजव्या वळणाला गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, आणि नेमका तिथेच आवाज फुगायचा. बेरिंग डावं गेलं होतं, रज्जाकभाईंच्या खिडकीखालचंच, आणि ते मात्र उजवीकडे मान करून ऐकत होते. खाली उतरल्यावर मी त्यांना डाव्या बाजूने हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं लोखंडावर लोखंड ठोकून त्यांचा डावा कान पार गेला होता, आणि ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. ही गोष्ट नाक्यावर फुटली असती, तर उद्यापासून आमच्या दारात कोण गाडी लावणार होतं? मी डॉक्टरांना सांगितलं, "रज्जाकभाईंनी डावंच सांगितलं होतं, चाक मी चुकून दुसरं सोडलं." रज्जाकभाई तेव्हा पलीकडे, आमच्याकडे डावा कान करून, पाने आवरत होते. डावं बेरिंग बदललं, डॉक्टर गेले, आणि आम्ही पुढची गाडी घेतली.

त्यानंतर त्यांनी हातोडीचा एक मोडका दांडा हाताशी ठेवला. गाडी जॅकवर घ्यायची, दांड्याचं एक टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि चाक हाताने फिरवायचं. झिजलेलं बेरिंग जबड्यात कळतं म्हणायचे. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय आता तोंडातून शब्द काढत नसत. लोकांना ती नवी करामतच वाटली. मी माझ्यापुरती एकच सवय लावून घेतली. बोलायचं असलं की वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला जायचं.

शेवटचा भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. मी उजवीकडे बसायला गेलो, तसे हसले. "तुला कवापासनं ठाव हाय?"

"डॉक्टरांच्या गाडीपासनं."

"त्या गाडीपायी लई राग आला हुता तुजा. डॉक्टरांनीच मागनं सांगितलं मला, तू काय बोल्लास ते. चूक माजी हुती, शंकर. ती तरी माज्याकडं ठिवायचीस..."

मी म्हणालो, "तुमी बी लपवलंतच की." त्यावर त्यांनी डोळे मिटले. हातात घेतलेला माझा हात मात्र सोडला नाही. मला अजूनही वाटतं, मी केलं ते बरोबर केलं. पण ते इतकी वर्षं मनात ठेवून माझ्याबरोबर काम करत राहिले, हे आठवलं की हातातलं काम थांबतं.

परवा एक जीप घुं घुं करत आली. गाडीवाला म्हणाला, "आता कोन सांगनार?" खिळ्याला टांगलेला दांडा मी काढला. त्याच्या टोकाला त्यांच्या दातांच्या खाचा पडल्या आहेत. माझे दात त्यांत नीट बसले नाहीत, तरी चावून धरलं आणि चाक फिरवलं. उजवं गुळगुळीत फिरलं. डाव्याची खरखर मात्र जबड्यातून थेट डोक्यात गेली. दांडा हातात घेऊन मी उठलो, रज्जाकभाई जिथे उभे राहायचे तिथे गेलो, वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला थांबलो आणि म्हणालो, "डावं हाय, रज्जाकभाई."