चपलेच्या वर

"मामा, पाटीवरच्या त्या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुला?" भाचीने विचारलं.

"अर्थ काय करायचाय? लांबी बघ की!" तोंडातल्या खिळ्यांच्या आडून उस्ताद म्हणाला. "पेंटरला घाम फुटला बसवताना."

जिन्याखालचं ते खोपटं म्हणजे चपला आत घेतल्या तर माणूस बाहेर, अशी गत. पण दारावर पाटी कोरी करकरीत: 'चपला-बूट दुरुस्ती', आणि खाली ठळक अक्षरांत 'अल्ट्राक्रेपिडेरियन'. हा शब्द दिला गल्लीतल्या डॉक्टरांनी. बुटाची टाच बसवून घ्यायला आले होते बिचारे. उस्तादने टाच राहू दिली बाजूला आणि गुडघेदुखीवर व्याख्यान झोडलं: सगळं दुखणं तळव्यातून वर चढतं, गोळ्या हे निव्वळ थोतांड. डॉक्टर पोट धरून हसले. "उस्ताद, तुम्ही अस्सल अल्ट्राक्रेपिडेरियन!" उस्तादला वाटलं, पदवीच मिळाली. त्याने लगेच तो शब्द त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतला.

गडी तसा जन्माचाच सल्लागार. हाताने शिवल्या चपला, पण तोंडाने शेजाऱ्याची टाकी दुरुस्त केली, पोस्टमनचा संसार सावरला. टाकी अजून गळते आणि पोस्टमनची बायको अजून माहेरी आहे, हा भाग वेगळा.

भाचीने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "ऐक. स्वतःला कळत नाही त्या गोष्टीत मतं ठोकणारा माणूस. मुळात हा शब्द चपलेवरून निघालाय. चपलेच्या वरचं बोलतो, तो."

उस्तादने खिळे तळहातावर काढले. "चपलेच्याच?"

"चपलेच्याच."

"म्हणजे माझ्या जन्माआधीच माझं नाव ठरलं होतं म्हणायचं!" तो खो खो हसला.

भाची हसली नाही. "आईचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय, मामा. गोळ्या बंद, व्यायाम बंद. तू एका चपलेला जाड टाच ठोकून दिलीस, ती घालून खुरडत फिरते. आज संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलंय, तर म्हणते, भाऊ सांगतो ते पुरे."

उस्तादचं हसू जागीच विरलं. अक्का उभ्या गल्लीत त्याचं खरं मानणारी एकटीच. तेवढं एक गिऱ्हाईक गमवायचं म्हणजे जिवावर आलं. तरी त्याने फोन लावला.

"अक्का, माझं ऐकू नकोस."

"काय?"

"गुडघ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. संध्याकाळी डॉक्टरकडे जा, गोळ्या घे."

"मग टाच कशाला ठोकलीस रे मेल्या?"

"टाच चांगली ठोकता येते म्हणून."

मग अक्का म्हणाली, "लहानपणी माझा दात दोरीने दाराला बांधलास, तेव्हाच ओळखायला हवं होतं. हलणारा सोडून धडका बांधला होतास."

"मग एवढी वर्षं ऐकलंस कशाला माझं?"

"तुझं दुसरं कोण ऐकतं रे?" अक्का म्हणाली. "जाते मी. पण ती टाच आजच्या आज काढून दे. शेजारीण मला बदक म्हणते."

भाचीने घरून उचलून आणलेली ती चप्पल पिशवीतून काढून पुढ्यात टाकली. उस्तादने टाचेखाली चामडं कापायची रापी घातली. टाच काही केल्या निघेना, इतकी पक्की बसवलेली! त्यातही त्याला थोडा गर्व वाटलाच.

"पाटी पुसून घेणार ना?" भाचीने जाता जाता विचारलं.

"राहू दे. खोटं थोडंच लिहिलंय?"

तेवढ्यात शेजारी बूट घेऊन आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "उस्ताद, ती टाकी अजून गळतेच बघा. काय करावं?"

उस्तादचं तोंड उघडलं. घशापर्यंत आलं होतं सगळं, पाइप, वॉशर, सिमेंट. त्याने मूठभर खिळे उचलले, तोंडात कोंबले, ओठ घट्ट मिटले आणि बुटासाठी हात पुढे केला.