देव्हाऱ्यातला गिअर

जुना लेथ घेतला तेव्हा त्याच्याबरोबर चक आला, दोन सेंटर आले, गंजलेली फेसप्लेटही आली. आटे पाडायच्या गिअरपैकी एक मात्र आला नाही. नांदेडकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधला तो लेथ. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा केल्यावर मला हे कळलं. टर्नर म्हणवून घेणाऱ्याने घेतानाच पाहायला नको होतं का?

एरवी चाललं असतं. पण दुष्काळ होता, आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या एकुलत्या हातपंपाच्या सळईचे आटे झिजून गेले होते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जुन्या जिल्ह्याचे साहेब म्हणत, नव्याकडे जा; नवे म्हणत, तुमच्या पंपाचा कागद अजून तिकडून आला नाही. आपला पंप नक्की कोणत्या जिल्ह्यात आहे हेच मला कळेना. तोवर माझी आई दोन कोसांवरून पाणी आणत होती.

विचारत विचारत गिअर सापडला तो बिलोलीत, जिनिंगच्या जुन्या मिस्त्रींच्या घरी. मिस्त्री वारले होते. जिनिंग बंद झालं त्या दिवशी त्यांनी तो आठवण म्हणून नेला आणि देव्हाऱ्यात ठेवला. त्यांची बायको दर खंडेनवमीला त्याची पूजा करायची. मी कुठला, कुणाचा हे तिने आधीच विचारून घेतलं आणि मीही खरं ते सांगितलं. आता देव मागायचा कसा? वस्तीतल्या बंद पंपाचं सांगून मी म्हणालो, "मावशी, नुसते दाते मोजू द्या. तसाच दुसरा करून घेतो."

"तू थांब भाईर. म्याच मोजते."

विसाच्या पुढे तिला मोजता येत नव्हतं. तिने दर खाचेत ज्वारीचा एकेक दाणा ठेवला, मग सगळे दाणे पुडीत बांधून मला दिले. स्टँडवर मोजले तर साठ भरले, घरी एकोणसाठ. पुडीला भोक नव्हतं. मी लेथपुढे डोकं धरून बसलो.

पुन्हा बिलोलीला गेलो. दाण्यांची गोष्ट ऐकून मावशी हसली. मग म्हणाली, "पानी कुठनं आनता रे तुमी?"

मी सांगितलं. ती आत गेली, गिअर पुसून उंबऱ्यावर ठेवला. "ने. काम झालं की आन."

सळईला आटे पडले, पंपाला पाणी आलं. आईने भरलेली घागर दारात उतरवली आणि कितीतरी दिवसांनी नुसती बसून राहिली. मी गिअर स्वच्छ करून, नव्या फडक्यात गुंडाळून बिलोलीला नेला. मावशीने तो हातात घेतलाच नाही.

"आसू दे तुझ्याकडंच," एवढंच म्हणाली आणि चहा दिला. कप घरातलाच होता की वेगळा ठेवलेला, हे मी चोरून पाहत राहिलो. कळलं नाही.

देव कामाला लागला म्हणून ती खूश होती, की माझा हात लागलेला देव तिला परत नको होता? विचारायला आता ती नाही. गिअर लेथवरच आहे. तिचे आभार मानायला गेलो की मन अडतं. राग धरावा, तर तो सगळा उन्हाळा आम्ही तिच्याच गिअरने आलेलं पाणी प्यालो.