वानखडे सरांच्या मोबाईलचा हिरवा चौकोन

किस्से जमवायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. तेल्हाऱ्याच्या आमच्या शाळेत गणिताच्या वानखडे सरांनी वर्गात मोबाईल लावला, तेव्हापासून स्टाफरूममधला चहा रोज थंड होतो!

फळ्याशेजारी मोबाईल, तोंड पोरांकडे. कोणाचं लक्ष आहे हे सांगणारं त्यातलं ॲप: समोर बघणाऱ्याच्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन, बाकीच्यांना लाल. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग हिरवा! सर खूश. मग कळलं, पोरं फळ्याकडे नाही, मोबाईलकडे बघत होती.

*

आठवडाभरात सर्वांत एकाग्र कोण निघालं? मागच्या भिंतीवरचे, हार घातलेले, शाळेचे संस्थापक!

"पाहा, शिका यायच्यापासून!" सर गरजले.

*

मीही माझ्या इतिहासाच्या तासाला लावून पाहिला. निकाल विचारू नका.

*

वेचणी आली. त्या वर्षी कापसाला भाव नाही, मजूर परवडत नाही. पोरं पहाटे कापूस वेचून शाळेत येत. दुपारी सगळं लाल.

"कावून झोपतं बे?" सरांनी एकाला हलवलं.

"मी नाही झोपलो सर, डोळेच झोपून राहिले!"

सरांनी मोबाईल खिशात टाकला. त्या दिवशी मला ते फार आवडले.

*

आणि नाझनीन. शिंप्याची पोर, सातवीत. स्कॉलरशिपच्या जादा तासांना जायची तिला भारी हौस. पण मोबाईलवर रोज लाल, कारण ती कायम मागं वळलेली. सरांनी जादा तासांच्या यादीतून तिचं नाव कापलं. पोरगी रडली.

मी म्हटलं, "सर, एकदा मोबाईल मागून तर लावा!"

लावला. स्टाफरूममध्ये आम्ही दोघांनी रेकॉर्डिंग पाहिलं. सर फळ्यावर अपूर्णांक शिकवताहेत आणि नाझनीन मागच्या बाकाला सांगतेय, "एक भाकर चौघायत वाटली, तं खाली चार, वर एक. तीन भाकरी असल्या तं वर तीन. मामला खतम!"

सरांनी ज्यांची आशा सोडली होती, ती पोरं माना डोलवत होती.

सरांनी तिला बोलावलं. "तू पलटून कावून बसतं वं?"

"सर, तुमचं मले एकाच खेपेत समजते. त्यायले दुसरी खेप लागते."

तिचं नाव यादीत सगळ्यात वर गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी गणित एकदा समजावलं, खडू ठेवला आणि मागच्या बाकावर पोरांना सरकवून बसले.

"हां नाझनीन, आता सांग."