गुडघ्याचं तेल

४ नोव्हेंबर. आज दाराच्या बिजागरीला करंजाचं तेल घालताना त्या उग्र वासासरशी मुकुटबनचा दवाखाना आठवला. साल १९६२. मी तिथे नवी नर्स होते.

आठ वर्षांची जनी लंगडत आली. आजीने महिनाभर तिच्या गुडघ्याला हेच तेल चोळलं होतं. मी गुडघा वाकवून पाहिला. तो बिजागरीसारखा सहज मिटला, उघडला. मग मांडीपासून पाय आत फिरवला, तशी जनी किंचाळली.

"पोरीचा गुडघा दुखून राह्यला, अन् तुमी खुबा कायले पिरगाळता बाई?" आजी कडाडली.

"दुखणं खुब्यातच आहे, आजी. कळ तेवढी गुडघ्यात उतरते. तिला चालवू नका, यवतमाळला न्या. उशीर झाला तर पाय कायमचा अधू होईल."

चौथ्या दिवशी आजी एकटीच परत आली. "फोटूत खुबाच निघाला. डाक्टर म्हने, टायमावर आणली, पोरगी चालन." तेलाची बाटली तिने माझ्या टेबलावर आदळली. "घ्या, हे तुमीच ठेवा आता!"

मी गंभीरपणे मान हलवली. नाचावंसं वाटत होतं, हे आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेल मी दवाखान्याच्या कुरकुरणाऱ्या दाराला घातलं.