तयार फोल्डर मिळणार नाही

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तिथे नव्या माणसाला एक नियम होता: आपल्या मशीनवर प्रोजेक्ट स्वतः उभं करायचं, दुसऱ्याचं तयार फोल्डर कॉपी करायचं नाही. नियम दीदींचा. त्या कॅम्पातल्याच सिंधी, आम्हा सगळ्यांच्या सीनियर. मला तो शुद्ध छळ वाटला. शेजारी पोळ्या तयार असताना मी गहू दळायला का बसू?

शिवाय मला घाई होती. इथे कायम केलं नाही, तर मामा अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला लावणार होता. पालेगावात आमच्या घरी ते जवळजवळ ठरलंच होतं. माझ्या नोकरीला आई कॉम्प्युटरचं खूळ म्हणायची.

काम एका केमिकल कंपनीचं होतं. मालाचा हिशेब ठेवणारा मुख्य प्रोग्राम सर्व्हरवर, आणि स्टोअरमधल्या माणसाला टेबलावर दिसणारा क्लायंट प्रोग्राम वेगळा. दोन्हींची प्रोजेक्टं वेगवेगळी करायची आणि मग एका मोठ्या प्रोजेक्टखाली जोडायची. ऐकायला सोपं. माझा क्लायंट मात्र सर्व्हरला ओळखच दाखवेना. स्क्रीनभर लाल अक्षरं. मी सगळं पुसायचे, पुन्हा करायचे आणि मनातल्या मनात दीदींच्या नावाने बोटं मोडायचे.

दीदी शेजारी येऊन बसायच्या, पण माउसला हात लावत नसत. अगदीच राहवेना झालं की दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घ्यायच्या.

"लाल दिखा तो भागती क्यूँ है? वाच ना बेटा. काय पाहिजे ते त्यातच लिहिलंय."

वाचलं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये क्लायंट जोडायचाच मी विसरले होते. जोडला, तशी प्रोग्रामची खिडकी उघडली. दीदींनी खालून दाल पकवान मागवलं. मी रागातच खाल्लं, पण दोनदा घेतलं.

मग कंपनीत जाऊन त्यांच्या मशीनवर हेच उभं करायचं ठरलं. दीदी म्हणाल्या, एकटी जा, जमलं तर नोकरी पक्की. मी शहाणपणा करून माझं चालणारं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि शिफ्टच्या माणसांबरोबर शेअर रिक्षाने गेले. गेटवर वॉचमनने पेन ड्राइव्ह काढून घेतला, फोनही. कंपनीचा नियम. कोड त्यांच्या सर्व्हरवर होता, पण मशीन कोरं. समोरच पॅकिंगची शेड दिसत होती. बायका खोक्यांना टेप लावत होत्या. मी तिकडे पाठ करून बसले.

मग हात आपोआप चालू लागले. सर्व्हर निवडला, दोन्ही प्रोजेक्टं केली, जोडली. मध्ये लाल अक्षरं आली, ती वाचली. शेवटी स्टोअरच्या काकांनी एका ड्रमची नोंद करून पाहिली आणि म्हणाले, "झालं की!"

गेटवर फोन हातात आल्याबरोबर दीदींना लावला. पेन ड्राइव्ह काढून घेतल्याचं त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"इकडे सगळ्या कंपन्या काढून घेतात. इसीलिए तो फोल्डर कुणाला देत नाही मी."

मला रडू आलं. माझ्यासाठी इतका वेळ हात बांधून आजवर कुणी बसलं नव्हतं.

रिक्षा सुटल्यावर आठवलं, पेन ड्राइव्ह वॉचमनकडेच राहिला. तो आणायला मी परत गेले नाही.