दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचे पाणी

पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या तारवाड्यात हवेचे काही विचारायचे असले की लोक सुमंगलाकडे जातात. कोणत्या चवथीला ओहोळ फुटला, कोणत्या मे महिन्यातल्या वादळाने शाळेची कौले उडवली, हे तिला तिथीसकट पाठ. फक्त एका दिवसाचे ती आपणहून कधी बोलत नसे. अठ्ठ्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस.

त्या सकाळी नारायणाच्या बापाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचे ते भले मोठे जाळे, पाण्यात होती. वारा अचानक फिरला. समुद्र एवढा चढला की ओढणारी माणसे मागे सरत सरत माडांत शिरली. उत्तरेकडच्या दोराचे शेवटचे टोक सुमंगलाचा नवरा विठ्ठल आणि विशीतला नारायण यांच्या हातात होते. बाकी सगळ्यांची तोंडे समुद्राकडे, त्यामुळे मागचे कोणाला दिसले नाही. टोक सुटले तसा सगळा दोर गेला, जाळ्यामागे पाण्यात असलेली होडी हिसक्याने उलटली आणि तिच्यावरचा म्हातारा तांडेल बाबली बुडाला. "विठ्ठलान दोर सोडलो," असे नारायणाने सांगितले. रापण त्यांची, म्हणून शब्दही त्यांचाच चालला.

विठ्ठल घरी आला तेव्हा दोराने त्याच्या दोन्ही तळव्यांची सालटी काढली होती. त्यांना खोबरेल लावताना सुमंगलाला कळून चुकले की सोडणाऱ्याचे हात असे होत नाहीत. दोन दिवसांनी बाबलीच्या दारात तिने नारायणाचे हात पाहिले. साधे खरचटलेलेही नव्हते. तिने चार जणांना सांगून पाहिले. चौघांनीही माना फिरवल्या.

पुढे विठ्ठलला कोणी रापणीवर घेईना. तो डिचोलीला खाणीच्या ट्रकांवर गेला, नऊ वर्षे लाल धूळ खोकत राहिला आणि संपला. सुमंगलाने राग लोणच्यासारखा मुरत ठेवला. नारायण समोर आला की ती हसून बोलायची. त्याच्या घरच्या लग्नाला गेली, बारशाला गेली. त्याच्या होडीची मासळी मात्र तिने कधी चुलीवर चढवली नाही.

मोपाला विमाने उतरू लागली तसा नारायणाने किनाऱ्यावर पर्यटकांसाठी बारा खोल्या बांधायला चौथरा घातला. तिथे समुद्र येतो, अशी शेजाऱ्यांनी तक्रार केली. आता पणजीहून अधिकारी येऊन पाणी कुठवर येते ते जुन्या माणसांना विचारणार होता; चौथऱ्यापर्यंत येत असेल तर बांधकाम थांबणार होते. त्याच्या आदल्या दिवशी नारायण आपल्या मुलाला, रुद्रेशला घेऊन सुमंगलाच्या पडवीत येऊन बसला.

"वयनी, थंय पाणी कधी इला नाय, इतक्याच सांगा. तुमचो शब्द कोण मोडतलो?"

"मी बघितलंय ताच सांगतलंय," सुमंगला म्हणाली. "पण आधी तू एक सांग. दोर कोणी सोडलो ता. सगळ्यांसमोर."

नारायणाचा चेहरा उतरला. रुद्रेश मात्र हसला. "बाबा, सांगून टाका. रापण गेली, ती माणसां गेली. कोणाक काय पडलाहा आता?"

नारायणाने विचार केला. बारा खोल्यांपुढे एक जुना दोर म्हणजे काय मोठे! त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चौथऱ्यापाशी निम्मा वाडा जमला. सुमंगला इस्त्रीचे पातळ नेसून आली होती. अधिकारी तिच्याकडे वळताच ती म्हणाली, "आधी ह्याका बोलूक देयात."

नारायण खाकरला. "त्या दिसा विठ्ठलान दोर सोडूक नाय. मी सोडलंय. भियालंय."

बाबलीची नात सिद्धी तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"भियालंस कित्याक?" सुमंगलाने मऊ आवाजात विचारले.

"पाणी चढत होता, वयनी."

"खंयपर्यंत?"

"कमरेक." इतकी वर्षे गिळलेले एकदाचे वर आले होते आणि आता नारायणाला थांबवत नव्हते. "मगे छातीक लाट लागली आणि माझे हात सुटले."

"उभो खंय होतंस?"

"त्या वाकड्या माडाक पाठ लावन." त्याने हात करून माड दाखवला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. वाकडा माड अजून उभा होता. चौथऱ्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला, चांगला पंधरा पावले आत. समुद्र आणि माड यांच्या मधोमध नारायणाचा चौथरा होता.

अधिकाऱ्याने पेनाचे टोपण काढले. "म्हणजे त्या माडापाशी कमरेच्या वर पाणी होते?"

"बाबा!" रुद्रेश ओरडला. नारायण सुमंगलाकडे वळला. "वयनी, तुम्ही म्हटल्यात..."

"बघितलंय ता सांगतलंय, असा म्हटलंय," ती म्हणाली आणि तिने अधिकाऱ्याला शुद्ध मराठीत सांगितले, "साहेब, तो खरे बोलला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. अठ्ठ्याऐंशी साल, दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, सकाळची वेळ. लिहून घ्या."

नारायणाने गयावया करत दोन्ही हात पुढे केले. सुमंगलाने चष्मा सारखा करून ते नीट निरखले. गुबगुबीत, गुळगुळीत तळवे.

"हात बरे रवले तुझे," ती म्हणाली.

घरी जाताना तिने बाजारातून बांगडे घेतले. त्या दुपारी तिने दोनदा भात वाढून घेतला.